क्रॉइट्झर सोनाटा: यात साथ नक्की कोण कोणाला करतंय?

वाचाळ_कासव

नमस्कार मंडळी. पाश्चात्य संगीतातलं मला शून्य कळतं हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी हसायला नको.

तर झालं असं की माझे बाबा ७४ वर्षांचे, आयुष्यभर पेटीच्या साथीला बसले, भजनं, नाट्यसंगीत, कधीमधी ख्यालाला पण. आणि माझी लेक गेली सहा वर्षं व्हायोलिन शिकतेय, वेस्टर्न, उभं राहून हनुवटीखाली धरून वाजवतात ते. रविवारी तिने टीव्हीवर यूट्यूब लावून आजोबांना बीथोव्हेनचा क्रॉइट्झर सोनाटा ऐकवला. सोनाटा म्हणजे काही भागांची वाद्यरचना म्हणे, इथे व्हायोलिन आणि पियानो, दोघंच. पहिल्यांदा बाबा गप्प बसून ऐकत होते, मग म्हणाले हा पियानोवाला फार पुढे पुढे करतोय, साथीदाराने असं वागू नये, बघ त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ह्याने तोडलं. लेक म्हणाली आजोबा तो ॲकम्पनिस्ट आहे. बाबा म्हणाले बरं. पाचेक मिनिटांनी परत म्हणाले, "नाही गं, हा साथीला नाहीये. हे दोघं भांडतायत. पण मग पाटीवर व्हायोलिनवाल्याचं नाव मोठं आणि ह्याचं बारीक का?"

आता बाबांचा हा दुखरा विषय आहे. त्यांची नावं पत्रिकेत कायम खाली बारीक अक्षरात आली, कधी कधी आलीच नाहीत. त्यामुळे रविवारपासून तेच चालू आहे, जेवताना, झोपताना. म्हणून विचारतेय, हे प्रकरण साथसंगत आहे की जुगलबंदी? (बाबा व्हायोलिनवाले जोगसाहेब आणि सनईवाले बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या जुगलबंदीचे भक्त, त्यामुळे त्यांना तेच माप माहीत.) आणि दुसरं, हा क्रॉइट्झर कोण? लेकीच्या मते तो व्हायोलिनच्या ४२ एक्सरसाइझवाला, ज्याचं पुस्तक सरांनी समोर ठेवलं की तिच्या पोटात दुखतं, पण मग सोनाटा बीथोव्हेनचा कसा?

तिरकिट_धा

बाबांना माझा दंडवत सांगा. तबलजी आहे, दुखणं सेम आहे. नाव बारीक ठीक आहे हो, आमचं तर आडनाव पण चुकवतात.

बाकी उत्तर माहीत नाही, वाचायला बसलोय.

बारा_सूर

वाचाळताई, तुमच्या बाबांनी नेमकं दुखणं पकडलंय, आणि खरी गंमत अशी की मुळात साथीला व्हायोलिन होतं. पियानो नाही.

म्हणजे बघा, १७६४ मध्ये आठ वर्षांच्या मोझार्टचे पहिले सोनाटे पॅरिसमध्ये छापले गेले, त्याच्या मुखपृष्ठावर काय लिहिलं होतं, तर हार्पसिकॉर्डसाठी (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) सोनाटे, जे व्हायोलिनची साथ घेऊनही वाजवता येतील. घेऊनही! म्हणजे व्हायोलिनवाला त्या दिवशी आला नाही तरी मैफल अडत नव्हती. त्या काळी असे सोनाटे विकले जायचे घरात वाजवण्यासाठी, चांगल्या घरच्या मुली पियानोवर तयार असायच्या आणि व्हायोलिन धरायला घरातलाच कोणीतरी हौशी पुरुष, भाऊ, काका, होणारा नवरा. त्यामुळे कठीण सगळं पियानोच्या वाट्याला आणि व्हायोलिनवाल्याला मधे मधे सूर भरायला. तुमच्या बाबांना हे सांगा, त्यांची झोप शांत लागेल.

पुढे मोझार्टनेच हे हळूहळू बदललं. १७७८ मधला त्याचा ई मायनर ह्या पट्टीतला सोनाटा ऐका, दोनच भाग आहेत, छोटासा, पहिलं वाक्य दोघं एकत्र एकाच सुरावटीत म्हणतात, म्हणजे सुरुवातीलाच सांगून टाकलं की इथे नोकर कोणी नाही. मग १७८४ चा बी फ्लॅटचा. त्याचा किस्सा मला फार आवडतो. रेजिना स्ट्रिनासाक्की नावाची इटालियन व्हायोलिनवादक बाई व्हिएन्नाला आली होती, तिच्या कार्यक्रमासाठी मोझार्टने नवा सोनाटा कबूल केला आणि नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत लिहिलाच नाही. तिचा भाग कसाबसा लिहून दिला, आणि स्वतः २९ एप्रिलला सम्राट जोसेफसमोर पियानोवर बसला तो म्हणे जवळजवळ कोऱ्या कागदासमोर, सगळं डोक्यातून वाजवलं. किस्सा असेल म्हणून सोडून दिला असता, पण हस्तलिखितात खरंच दोन वेगळ्या शाया दिसतात आणि पियानोचा भाग नंतर दाटीवाटीने कोंबलेला आहे. तर ह्यात साथीदार कोण सांगा? ज्याच्यासमोर कागद होता ती की ज्याच्यासमोर नव्हता तो?

मग बीथोव्हेन. त्याने असे दहा सोनाटे लिहिले, क्रॉइट्झर हा नववा. १८०५ मध्ये छापला तेव्हा शीर्षकात पियानोचं नाव आधी आहे, व्हायोलिनचं नंतर, आणि व्हायोलिनला ओब्लिगातो म्हटलंय, म्हणजे हे गाळता येणार नाही बरं का. आणि पुढे त्याने मुद्दाम लिहिलंय की हा अगदी कॉन्सर्टोसारख्या (एक वाद्य आणि समोर अख्खा वाद्यवृंद) झुंजीच्या शैलीत लिहिलेला आहे. बाबांचं "भांडतायत" हे म्हणजे संगीतकाराने स्वतः छापलेलं वर्णन झालं, दोनशे वर्षांनंतर पाच मिनिटांत ओळखलं त्यांनी.

मग पाटीवरचं नाव लहान कसं झालं? ते नंतरचं पाप. एकोणिसाव्या शतकात पागानिनी ह्या इटालियन वादकानंतर व्हायोलिनवाले स्टार झाले, गावोगाव दौरे, पोस्टर, आणि पियानोवाला गावात मिळेल तो. सवय पडली ती पडलीच. आजही सोनाट्याच्या कार्यक्रमात कोणी पियानोवाल्याला ॲकम्पनिस्ट म्हटलं की तो दात ओठ खातो. लेकीला सांगा परीक्षेला पियानोवर जे बसतात त्यांच्यासमोर हा शब्द जपून वापर.

हेमंतराव_नाही

थोडं पाणी ओततो, माफ करा. हे जुगलबंदी वगैरे आपण आपल्या सोयीने म्हणतो पण इथे एकेक सूर कागदावर छापलेला आहे. दोघंही तेच वाजवणार जे १८०५ मध्ये छापलं. जुगलबंदीत समोरचा काय टाकेल ते माहीत नसतं, त्यातच मजा असते. इथे भांडण पण लिहून दिलेलं, तोडायचं कुठे ते पण लिहून दिलेलं. हे नाटक आहे, दोन पात्रांचं, आणि चांगलं नाटक आहे, पण साथ पण नाही आणि जुगलबंदी तर अजिबात नाही. शिवाय राग वगैरे शोधायला जाऊ नका त्यात, फसाल. आपला सा पूर्ण मैफलभर एक, त्यांचा सा दर दोन मिनिटांनी घर बदलतो, आणि सगळी गोष्ट त्या घर बदलण्याचीच असते.

व्हिएन्नाकर

हेमंतराव (नाही), तुमचं नाटकाचं पटलं, पण ह्याच सोनाट्याच्या बाबतीत तुम्ही चुकीच्या घरात शिरलात हो. ह्याच्या पहिल्या प्रयोगात जुगलबंदीच झाली होती.

मी इथे व्हिएन्नात राहतो आणि ज्या बागेत हा सोनाटा पहिल्यांदा वाजला त्या ऑगार्टनमध्ये सकाळी पळायला जातो (जातो म्हणजे, ठरवतो). बाग मोठी सुंदर आहे आणि मधोमध दुसऱ्या महायुद्धातले दोन अक्राळविक्राळ काँक्रीटचे विमानविरोधी बुरूज उभे आहेत. जिथे मैफली व्हायच्या त्या जुन्या इमारतीत आता चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना आहे, एका कपाची किंमत बघून मी बाहेर आलो.

तर २४ मे १८०३, सकाळी ८ वाजता. हो, सकाळी! तिथे उन्हाळ्यात सकाळच्या मैफली व्हायच्या, आपल्याकडे तोडी ऐकायला जातात तशा. व्हायोलिनवर जॉर्ज ब्रिजटॉवर. हा माणूस म्हणजे एक स्वतंत्र कादंबरी आहे, बाप कृष्णवर्णीय, वेस्ट इंडिजकडचा, स्वतःला आफ्रिकेतल्या राजपुत्राचा वंशज म्हणवून घ्यायचा, आई युरोपियन, पोरगा लहानपणापासून चमत्कार म्हणून पॅरिस लंडनला वाजवत फिरलेला आणि इंग्लंडच्या युवराजाच्या पदरी असलेला. बीथोव्हेनची आणि त्याची एकदम गट्टी जमली आणि त्याच्या कार्यक्रमासाठी हा सोनाटा लिहायला घेतला, आणि वेळेत झाला नाही (ह्या लोकांचं काहीच वेळेत होत नाही). शेवटचा भाग तर आदल्या वर्षी दुसऱ्याच एका सोनाट्यासाठी लिहून बाजूला ठेवलेला होता, तोच इथे आणून जोडला. त्याचा शिष्य फेर्डिनांड रीस सांगतो की एका पहाटे साडेचारला बीथोव्हेनने त्याला उठवून बोलावलं, पहिल्या भागाचा व्हायोलिनचा कागद पटकन उतरवून दे म्हणून. पियानोचा भाग तेव्हा कुठे कुठे नुसत्या खुणा. मधला भाग ब्रिजटॉवरने सरळ बीथोव्हेनच्या हस्तलिखितावरून, म्हणजे त्या कोंबडीच्या पायांवरून, पहिल्यांदाच बघत वाजवला.

आणि आता मुद्दा. पहिल्या भागात जलद लय सुरू झाली की थोड्याच वेळात सगळं थांबतं आणि पियानोला एकट्याला एक वर चढून खाली येणारी तान लिहिलेली आहे. वाजवताना तो भाग परत आला तेव्हा ब्रिजटॉवरने कागदावर नसलेली तशीच तान व्हायोलिनवर घेतली. मनाने. आणि बीथोव्हेन, जो दुसऱ्याने एक सूर बदलला तरी फाडून खाणारा, तो पियानोवरून उडी मारून उठला, त्याला मिठी मारली आणि ओरडला "परत एकदा, माझ्या पोरा!" हे ब्रिजटॉवरने स्वतः नोंदवून ठेवलंय. म्हणजे आपल्या भाषेत दाद आणि वन्समोअर दोन्ही एकदमच, आणि तेही सहकलाकाराकडून चालू मैफलीत.

मग क्रॉइट्झर कुठून आला? हस्तलिखितावर बीथोव्हेनने अर्पण ब्रिजटॉवरला केलं होतं, चेष्टेत, त्याच्या मिश्र वर्णावरून "सोनाटा मुलात्तिका" म्हणून. तेव्हा ती दोस्तीतली मस्करी धरली गेली असेल, आज तो शब्द कोणी तोंडातून काढणार नाही. नंतर दोघांचं बिनसलं, ब्रिजटॉवरने म्हातारपणी सांगितलं की एका मुलीवरून, आणि बीथोव्हेनने अर्पण काढून घेऊन ते पॅरिसच्या रोडोल्फ क्रॉइट्झरला देऊन टाकलं. हाच तो ४२ एक्सरसाइझवाला, पॅरिस कॉन्झर्व्हेटरीचा प्राध्यापक, फार मोठा वादक. त्याने हा सोनाटा जाहीरपणे कधी वाजवलाच नाही. फ्रेंच संगीतकार बेर्लिओझ लिहितो की त्याला हा अतोनात न समजण्यासारखा वाटला. तर ज्याने वाजवला त्याचं नाव गेलं आणि ज्याला कळला नाही त्याचं चिकटलं. तुमच्या लेकीचं पोट दुखतं ते बरोबर माणसामुळे दुखतं.

ब्रिजटॉवरकडे राहिलं ते एक ट्यूनिंग फोर्क (सूर लावायचा धातूचा चिमटा), बीथोव्हेनने दिलेलं. ते आता लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. स्वतः तो १८६० मध्ये लंडनलाच गेला, तोपर्यंत त्याला जवळपास सगळे विसरले होते.

तिरकिट_धा

अर्पण काढून घेतलं?? आमच्याकडे मानधन काढून घेतात, हे नवीन आहे.

हेमंतराव_नाही

बरं, ती तान मी मागे घेतो. म्हणजे विधान मागे घेतो. पण एकच सकाळ होती ती, आज कोणी तसं केलं तर परीक्षक मार्क कापतील.

म्हापशेकर

उशीर झाला, कामावरून आत्ताच बसलोय. वाजवणाऱ्याच्या बाजूने बोलतो, कारण हा सोनाटा मी घरी लपून वाजवतो, लोकांसमोर नाही, इतकी अक्कल आहे. आमच्या घरात व्हायोलिन आजोबांपासून आहे, ते चर्चच्या शाळेत मेस्तकडे, म्हणजे संगीताच्या मास्तरकडे, सोल्फेज (सूर वाचून म्हणणं) शिकले, गाणं कळायच्या आधी सूर वाचायला आला, मग मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवत. तिथे पन्नास व्हायोलिनांत एक, नाव मोठं की बारीक हा प्रश्नच नाही, नावच नाही.

वाचाळताई, बाबांना फक्त सुरुवात परत ऐकवा. पहिली चार मापं (आपली आवर्तनं म्हणा) व्हायोलिन एकटं. पियानो हाताची घडी घालून बसलेला. आणि व्हायोलिन काय वाजवतं तर एका वेळी तीन चार तारांवरचे सूर, म्हणजे एकटं असून पियानो व्हायचा प्रयत्न करतं. ह्या चार मापांत भल्याभल्यांचा बो थरथरतो कारण लपायला जागा नाही. मग पियानो तेच वाक्य उचलतो आणि लगेच अंधारून येतं, मेजरचं मायनर होतं, तुमच्या भाषेत शुद्ध गंधार कोमल होतो. कागदावर नाव ए मेजरचा सोनाटा, पण पहिला भाग बहुतेक सगळा ए मायनरमध्ये वादळासारखा. पहिल्याच वाक्यावर दोघांचं मत जुळलेलं नाही, तर पुढे काय जुळणार.

आणि मधला भाग! तो तर बाबांसाठीच लिहिलाय असं समजा. एक साधी शांत चाल, आणि तिच्यावर चार व्हेरिएशन, म्हणजे तीच चाल चार वेगळ्या रीतींनी. पहिल्यात पियानो सगळं नटवून सजवून वाजवतो आणि व्हायोलिनला फक्त टिक टिक टिक, बारीक तुटक सूर, अक्षरशः ठेका धरल्यासारखं. म्हणजे साथ. दुसऱ्यात पारडं फिरतं, व्हायोलिन वर वर चिवचिवाट करत नाचतं आणि पियानो गुमान खाली आघात देतो. तिसरं मायनरमध्ये, दोघंही उदास, भांडून झाल्यावर घरात असतं ना तसं. चौथ्यात कोण कोणाला सजवतोय तेच कळत नाही. साथ आळीपाळीने केलीय, हिशेब चुकता. शेवटचा भाग मग नुसता पळापळीचा, पियानो एक सणसणीत कॉर्ड (अनेक सूर एकदम) मारतो, जशी शर्यतीला शिट्टी, आणि दोघं पळत सुटतात.

एक व्यवहाराची गोष्ट पण सांगतो. १८०३ चा पियानो आजच्यासारखा नव्हता, लाकडी चौकट, हलका आवाज, सप्तकं पण कमी. आजचा नऊ फुटी ग्रँड झाकण पूर्ण उघडून वाजवला तर व्हायोलिन बुडतं, आणि पियानोवाल्याने दबून वाजवलं तर भांडण मेलं. काही जण झाकण अर्धं ठेवतात, मला ते तडजोडीसारखं वाटतं. खरा उपाय एकच, दोघंही सारख्या ताकदीचे पाहिजेत. रेकॉर्डिंगमध्ये (आधी व्हायोलिनवाला, मग पियानोवाला) ओइस्त्राख आणि ओबोरिन ऐका, दोघंही सभ्य माणसं, भांडण पण सभ्य. पर्लमन आणि अश्केनाझी, त्यात तेज जास्त. आणि आवाज खरखरीत चालणार असेल तर १९४० मध्ये वॉशिंग्टनला झालेलं झिगेटी आणि बार्तोक यांचं रेकॉर्डिंग ऐकाच, पियानोवर संगीतकार बार्तोक स्वतः, तो साथ बिथ काही करत नाही, विचारत पण नाही. बाबांना हेच आवडेल असं माझं मन सांगतं.

बारा_सूर

म्हापशेकर, ते साथ आळीपाळीने म्हणजे क्या बात है.

एक राहून गेलं. बाबा पेटीवाले आहेत म्हणून सांगतो, सेझार फ्रांकचा सोनाटा पण ऐकवा, १८८६ चा, इझाय नावाच्या व्हायोलिनवादकाच्या लग्नात आहेर म्हणून दिलेला. त्याच्या शेवटच्या भागात पियानो एक चाल म्हणतो आणि व्हायोलिन तीच चाल एक माप मागे राहून म्हणत जातं. गायकाच्या मागून पेटी कशी सावलीसारखी येते, हुबेहूब तसं, फक्त इथे गायक म्हणजे पियानो. त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम ब्रसेल्सच्या चित्रसंग्रहालयात झाला, डिसेंबरची संध्याकाळ, चित्रांसाठी म्हणून दिवे लावायला बंदी, पहिला भाग संपेपर्यंत अंधार पडला, उरलेले तीन भाग इझायने आणि पियानोवरच्या बाईंनी, बोर्द-पेन त्यांचं नाव, अंधारात पाठ वाजवले. त्या बाईंचं नाव मी मुद्दाम लिहिलं, बऱ्याच ठिकाणी नुसतं इझाय इझाय असतं.

वाचाळ_कासव

अहो काय लिहिलंय सगळ्यांनी!! काल रात्री सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मोझार्टचं ते "साथ घेऊनही" तीनदा वाचायला लावलं. मग म्हापशेकरांनी सांगितलं तसं मधला भाग लावला, पहिलं व्हेरिएशन सुरू झाल्यावर बाबा पुढे सरकून बसले आणि व्हायोलिनवाल्याकडे बोट दाखवून म्हणाले "हां, आता कसा गरीब झाला बघ." दुसऱ्याला काही बोलले नाहीत. तिसऱ्याला म्हणाले इथे कोणी टाळ्या वाजवू नयेत. बार्तोकवालं पण लावलं, खरखरीत लेकीला सहन होईना, बाबा मात्र पूर्ण ऐकून म्हणाले ह्या माणसाला कोणी बारीक अक्षरात छापलं असतं तर त्याने कार्यक्रम केला नसता.

ब्रिजटॉवरचं त्यांना फार लागलं. त्याचं नाव लिहून घेतलं डायरीत, देवनागरीत, दोनदा विचारून.

आणि व्हिएन्नाकर, त्यांचा तुम्हाला एक निरोप आहे. सकाळी ८ ला मैफल, त्याआधी रियाझ, कागद अर्धवट, तर बीथोव्हेन चहा कधी प्यायला असेल?

व्हिएन्नाकर

चहा नाही हो, कॉफी. कपाला मोजून ६० बिया टाकायचा असं त्याचा चरित्रकार शिंडलर सांगतो. पण हा शिंडलर थापाड्या होता हे आता सिद्ध झालंय, त्यामुळे बाबांना म्हणावं साठ नको, अंदाजे टाका.